खालून कापलेल्या दोन ओळी

"तांड्यावरच्या पोरीला असले विषय सुचतात कुठून? स्वानुभव आहे की काय?"

हिंगोलीतल्या वाचनालयाच्या सभागृहात अध्यक्ष माइकवरून म्हणाले. सगळे हसले. मीही थोडं हसले. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी एका दैनिकाच्या हिंगोली कार्यालयात बातम्या लिहीत होते. रविवारच्या पानावर माझी कविता आली होती. एक बाई गर्भ पाडून घेते, एवढाच विषय. त्या कवितेवर त्या दिवशी चर्चा होती.

एक प्राध्यापक म्हणाले, ही आईच्या पश्चात्तापाची कविता. दुसरे म्हणाले, बाई हे प्रतीक आहे, ही दुष्काळी जमिनीची कविता. मागून कुणीतरी विचारलं, "पोरगा होता का पोरगी, ते काहून लिवलं न्हाई?" वाद रंगला. मी उठले.

"सर, कविता अर्धीच छापली आहे."

"तू बस," अध्यक्ष म्हणाले. "कविता छापली की कवीची राहत नाही. ती काय आहे, ते आता आम्ही सांगू."

मी बसले. शेवटी सत्कार झाला. शाल घेतली. नारळ घेतला.

कविता खरंच अर्धी होती. बातमीत महत्त्वाचं वर असतं. जागा कमी पडली की खालून कापायचं. शनिवारी एका हळद अडत्याची जाहिरात आली आणि पान लावणाऱ्याने सवयीने शेवटच्या दोन ओळी उडवल्या. मी शेजारीच बसले होते. मीच चालेल म्हणाले. नाव छापून येणार होतं.

कवितेतली बाई माझी वहिनी. तीन लेकरं होती, चौथं तिला नको होतं. भाऊ हो म्हणाला. मला सोबत घेऊन ती तांड्याजवळच्या गोरेगावहून जीपने हिंगोलीच्या दवाखान्यात आली. त्या दोन ओळींत पुढचं होतं:

घरी आली, भिंतीकडे तोंड केलं,
आणि लग्नानंतर पहिल्यांदा निवांत झोपली.

त्या ओळी गेल्यावर कवितेत उरलं रक्त आणि दवाखान्याची खाट. रडणं वाचणाऱ्यांनी घातलं.

नंतर तांड्यावर गेले. शाळेच्या गुरुजींनी कात्रण सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं होतं. पाप केलेली बाई कशी रडते बघा, म्हणाले होते. खाली माझं नाव. लोकांनी आमच्या दाराकडे पाहिलं. तेव्हापासून आई वहिनीच्या हातचं पाणी घेईना. हो म्हणालेला भाऊ मान खाली घालून जेवत होता.

वहिनी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मी रडले म्हून काहून लिवलंस?"

"मी तसं न्हाई लिवलं."

"मग समदे तसंच काहून म्हणून राहिले? मी त झोपले व्हते. तू व्हतीस ना बाजूला."

होते. पान लागलं तेव्हाही बाजूलाच होते.

"सांगायचं त समदं सांग," ती म्हणाली. "न्हाईतर गप बस."

पुढच्या बैठकीला शाल घेऊन गेले आणि अध्यक्षांपुढे ठेवली.

"पुन्हा तीच कविता?"

"पूर्ण."

त्यांनी बस म्हणून हात केला. मी उभी राहिले आणि वाचली. टाळी वाजली नाही. प्राध्यापक हळूच म्हणाले, "शेवट बिघडला. बाईला थोडं तरी दुःख दाखवायचं."

"तिला नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"मी बाजूला होते."

आई अजूनही वहिनीच्या हातचं पाणी घेत नाही. तो दोष माझ्या नावावर आहे, कविता आहे तसाच. मी घरी गेले की आईसमोर वहिनीकडूनच पाणी मागून घेते.

आता कुठेही वाचायला बोलावलं की कविता बातमीसारखी वाचते. त्या दोन ओळी आधी. मग खालून काय कापायचं ते कापा.