उभ्या काकू आणि पुढची चाकं

धायरीतल्या आमच्या नर्सरीत चार-पाच खुर्च्या होत्या, पण काकूंना त्यांतल्या एकीवरही टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, जेवण उभ्याने आणि गिऱ्हाइकाशी बोलणं चालता चालता. गिऱ्हाईक गुलाबाचा भाव विचारेपर्यंत काकू जास्वंदीपाशी पोचलेल्या असत. आसपासचे सगळे त्यांना उभ्या काकू म्हणत. "बसायचंय काय, पुढे वेळच वेळ आहे," असं त्या मलाही सुनवायच्या. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं, की निवांत बसले तर मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.

त्या बसत ते फक्त छोट्या ट्रॅक्टरच्या सीटवर, आणि तेही तो चालू असेल तरच. नर्सरी टेकडीच्या उतारावर होती. मातीचा डंपर खाली रस्त्यावर रिकामा व्हायचा आणि ती माती ट्रॉलीत भरून वर चढवावी लागायची. काका गेल्यावर काकूंनी तो ट्रॅक्टर घेतला आणि स्वतः चालवायला शिकल्या. सत्तरी उलटलेली बाई ट्रॅक्टर हाकते याचं लोकांना कौतुक होतं. विश्रांतवाडीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, मिलिंदला, त्याची धास्ती होती.

पुढच्या चाकांना जोर देणारा फोर व्हीलचा दांडा काकू कायम टाकलेलाच ठेवत. धायरी गाव होतं, पायवाटांचा नुसता चिखल व्हायचा, तेव्हाची ती सवय. पुढे रस्ते सिमेंटचे झाले. आमचे मेकॅनिक रफीकभाई कळवळून सांगत, "काकू, सिमेंटवर तरी फोर व्हील काढत जा. आतले दाते झिजतात." काकूंचं उत्तर ठरलेलं. "काढायला थांबा, टाकायला थांबा. दर स्टॉपला थांबायला मी काय बस आहे?" हे म्हणताना त्या निघालेल्या असत. रफीकभाईंचं पुढचं वाक्य मलाच ऐकावं लागे.

एका वर्षी गणपतीनंतर ट्रॅक्टरने दगा द्यायला सुरुवात केली. रिकामी ट्रॉली भुर्रकन वर जायची. भरली की अर्ध्या चढावर मागची चाकं माती उडवायची आणि पुढची नुसती बघत राहायची. मिलिंद येऊन पाहून गेला आणि सरळ म्हणाला, "ट्रॅक्टरमध्ये दोष असेल तर दुरुस्त करू. तुझ्या चालवण्यात असेल तर मात्र तो विकायचा. आई, तुला काही झालं तर मी काय करू?" तो गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "वर्षा, दोष ट्रॅक्टरमध्येच निघाला पाहिजे."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना वात आणला. सकाळी टायरची हवा बघ, दुपारी टायरच्या नक्षीत बोट घाल. पुढचं तोंड हलकं पडत असेल म्हणून खताच्या गोण्या पुढे बांधून झाल्या. तरी ट्रॅक्टर चढेना. रफीकभाईंनी पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन चालू केलं, तर चाकं झकास फिरली. "दोष नाही काकू," ते म्हणाले. काकू उसळल्या. "अहो, जॅकवर उचललंत तर मीसुद्धा पळेन! भार घालून बघा, भार!"

ते त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी रफीकभाई ट्रॅक्टरखाली शिरले. गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्ट जिथे कपलिंगने जोडलेला असतो, तिथे त्यांनी शाफ्ट आणि कपलिंग दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ ओढली. भार पडल्यावर रेघ तुटली, तर जोड आतून सटकतोय. ट्रॉलीत ओली लाल माती काठोकाठ भरली. काकू सीटवर बसल्या. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने रफीकभाई वाकून चाकं बघत चालू लागलो. मागे नेहमीप्रमाणे नर्सरीत मजुरीला येणारी मालनबाई होती, ट्रॉली अडली की चाकामागे दगड लावायला.

अर्ध्यावर पुढची चाकं थबकली. त्याच क्षणी ट्रॅक्टरच्या पोटातून खाड, खाड असा आवाज सुरू झाला, इतका मोठा की शेजारच्या सोसायटीचा वॉचमन फाटकात आला. मालनबाई दगड घेऊन वाकली, तेवढ्यात ट्रॉली मागे सरकू लागली. "थांबा! ब्रेक दाबा!" मी ओरडले, रफीकभाई ओरडले. काकू समोर बघत ॲक्सिलरेटर वाढवतच राहिल्या. मी धावत पुढे जाऊन दोन्ही हात वर केले, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. मालनबाईने हात काढून घेतला होता म्हणून वाचला.

रेघ तुटली होती. तिचे दोन तुकडे दोन दिशांना गेले होते. "कपलिंगचे दाते गेलेत, बदलून टाकू," रफीकभाई म्हणाले. मग त्यांनी जवळ येऊन विचारलं, "काकू, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

मालनबाई मोठ्याने म्हणाली, "अवो काकू, म्हयना झाला की! समद्यांला ऐकू येतोय. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग तिच्या हाताकडे. प्रश्न संपायच्या आत त्या पुढे का निघून जात, हे मला त्या चढावर उभं राहून कळलं, आणि फार वाईट वाटलं. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि इतकी वर्षं आम्ही हसत होतो.

रफीकभाई भला माणूस. मला हळूच म्हणाले, "मिलिंदला कपलिंगचंच सांगू. खोटं नाही ते." मी ते काकूंच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. ट्रॅक्टरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, मालनबाईचा हात धरून तिला सावलीत नेलं, पाणी दिलं. मग स्वतः मिलिंदला फोन लावून माझ्याकडे दिला.

"सांग त्याला. दोष ट्रॅक्टरमध्येही होता आणि माझ्यातही. म्हणावं, वर्षा चालवेल यापुढे."

मी सांगितलं. मग तो म्हणाला, "आईकडे दे."

काकूंनी फोन कानाला लावला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. तो बोलत होता, खूप वेळ बोलत होता. त्या मधून मधून "हं" म्हणत होत्या. एकदा त्यांनी पदराने डोळे पुसले. फोन बंद झाल्यावर मी जवळ वाकून विचारलं, "काय म्हणाला?"

"काही कळलं नाही गं," काकू म्हणाल्या. "पण पोरगं इतकं मनापासून बोलत होतं, मध्येच उठायचं कसं?"