सोयीनुसार लक्ष घालावे

कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बरीच वर्षं संवादकौशल्य शिकवते. व्यावसायिक नीतिमत्ता हा विषयही माझ्याच गळ्यात असतो, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असतो. मुलं आमच्या तासाला गप्पांचा तास म्हणतात. मलाही वाटायचं, आपल्या शिकवण्यात चूक झाली म्हणून काही कुठला पूल पडणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती, आटपाडीकडची. घरची मेंढरं, वडील वर्षातले कितीतरी महिने कळपामागं बाहेर. पहिल्या वर्षाला मी वर्गात एक सराव घ्यायचे. कारखान्यात काहीतरी धोक्याचं दिसलंय, ते साहेबांना सांगा. तिचा नंबर आला तशी ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सायेब, ती क्रेन थांबवा. दोर तुटाय आलाय. कोनतरी मरंल."

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "अगं, साहेबांशी असं बोलतात का? हा हुकूम झाला. आधी संदर्भ द्यायचा, मग विनंती करायची. मरेल-बिरेल असले शब्द तर टाळायचेच."

"पण मॅडम, दोर तुटाय आलाय न्हवं?"

"तरीसुद्धा."

ती शिकली. चौथ्या वर्षापर्यंत तिची पत्रं इतकी गुळगुळीत झाली, की मी ती पुढच्या वर्गांना नमुना म्हणून दाखवू लागले. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, प्रेस मशीनखाली पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. मला केवढा अभिमान वाटला होता.

दोनेक वर्षांनी एका दुपारी ती न कळवता स्टाफरूममध्ये आली. बसली नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"मॅडम, हे तपासून द्या. चूक कुठं झाली ते सांगा."

तिनं मॅनेजरला पाठवलेल्या इंग्रजी मेलची ती छापील प्रत होती. मराठीत सांगायचं तर असं काहीसं: सकाळच्या पाहणीच्या संदर्भात नम्रपणे निदर्शनास आणते की, तीन नंबरच्या प्रेसच्या कामात किंचित अनियमितता आढळली आहे. आपल्या सोयीनुसार लक्ष घालावे, ही विनंती.

"किंचित अनियमितता म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"बटण न दाबता प्रेस आपोआप खाली आली, मॅडम. माझ्या डोळ्यांदेखत. एकदाच. दुपारच्या पाळीला त्याच मशीनवर उंब्रजचे एक दादा होते. उजव्या हाताची चार बोटं गेली."

चौकशीत मॅनेजरनं तिचाच मेल वाचून दाखवला होता. यात मशीन बंद करा असं कुठं लिहिलंय, म्हणून विचारलं होतं.

मी तो कागद पुन्हा वाचला. अगदी शब्द न् शब्द. मी दहापैकी दहा गुण दिले असते.

"चूक नाही," मी म्हणाले, आणि ती रडायला लागली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी उंब्रजला गेलो. ते गृहस्थ चाळिशीचे असतील. हात बँडेजमध्ये, मांडीवर ठेवलेला. त्यांच्या बायकोनं चहा दिला, तो ते डाव्या हातानं जपून पीत होते. माझ्या विद्यार्थिनीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. सकाळी काय दिसलं, मेल कधी पाठवला, सगळं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायबाला कळवलंस ते बरं केलंस. पर पोरी, पाळी बदलताना तू मशिनीपाशीच हुतीस की. 'जेवलासा का दादा' म्हणून इचारलंस मला. मग ह्ये मला का न्हाई सांगितलंस?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती म्हणाली, "मी रीतसर वर कळवलं होतं, दादा."

ते वाक्य माझं होतं. रीतसर, वर, योग्य मार्गानं, हे मीच फळ्यावर लिहीत आले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायचं धैर्य मला तिथून उठेपर्यंत झालं नाही.

नंतर तिनं सरकारी निरीक्षकापुढं जबाब दिला. मशीन स्वतःहून खाली आलं, ते तेव्हाच बंद करायला हवं होतं, मी तसं सांगितलं नाही, असा. त्यात एकही विनंती नव्हती. त्या माणसाला कारखान्यानं गेटवर काम दिलं. तिनं काही महिन्यांनी ती नोकरी सोडली. आता ती सांगलीला असते, दुसऱ्या कारखान्यात. फोन करते, पण त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

मी अजून शिकवते. सराव तोच घेते, फक्त आता सांगते, धोका पहिल्या वाक्यात आला पाहिजे, आणि आधी ज्याचा हात मशीनमध्ये आहे त्याच्या कानावर गेला पाहिजे. मुलं लिहून घेतात. पण त्याआधी किती वर्गांनी माझ्याकडून ते गुळगुळीत लिहिणं शिकून घेतलं, आणि ती मुलं आज कुठल्या कुठल्या शेडमध्ये उभी आहेत, याचा माझ्यापाशी हिशेब नाही.

कधी अनोळखी नंबरवरून फोन येतो. "मॅडम, ओळखलंत का?" असं कुणीतरी आनंदानं विचारतं. त्याचं पुढचं वाक्य येईपर्यंत माझे हात गार पडलेले असतात.