भिंतीमागचा टकल्या आणि रिक्वायरमेंट नंबर चौऱ्याहत्तर

"हे काय आहे?" ग्रॅहमने विचारलं.

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या मीटिंग रूममध्ये चौदा माणसं होती आणि पडद्यावर पंधरावा. गुळगुळीत टक्कल, ठिपक्यांएवढे डोळे, भिंतीवरून अलीकडे लोंबणारं लांबलचक नाक आणि भिंतीची कड धरलेली बोटं. खाली लिहिलं होतं, 'वॉट, नो वॉशर्स?'

ग्रॅहम म्हणजे आमच्या क्लायंटचा डायरेक्टर. नळ, पाइप, वॉशर विकणारी त्याची कंपनी. तिच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही पुणेकरांनी केलेलं. आज त्याने साइन-ऑफ द्यायचा होता, म्हणजे 'काम पसंत आहे' अशी सही करायची होती. सही झाली तर पुढचं दोन वर्षांचं काम आमचं. नाही झाली तर मी आणि माझी सहा जणांची टीम पुण्याच्या विमानात, आणि माझ्या मुलीची जीसीएसई, म्हणजे तिकडची दहावी, अर्ध्यावर.

मी शिरीषकडे पाहिलं. शिरीष आमचा अ‍ॅनालिस्ट. क्लायंटला काय हवं ते विचारून लिहून काढणारा. पंचेचाळिशीचा, अत्यंत सज्जन, आणि म्हणूनच अत्यंत धोकादायक.

"मॅडम, नंबर चौऱ्याहत्तर," तो मराठीत कुजबुजला. "पान एकतीस."

झालं होतं ते असं. आमच्या कंपनीला नुकतंच क्वालिटीचं सर्टिफिकेट मिळालं होतं. त्याचा एक नियम होता: क्लायंटबरोबरच्या वर्कशॉपमध्ये फ्लिपचार्टच्या कागदावर जे उमटेल ती क्लायंटची मागणी, म्हणजे रिक्वायरमेंट. स्वतःच्या मनाने काही गाळायचं नाही. तीन महिन्यांपूर्वी 'माल संपल्यावर स्क्रीनवर काय दिसावं' या विषयावर मी पन्नास मिनिटं बोलले. बहुधा फारच रंगून बोलले असणार, कारण गोदामाचा प्रमुख केन उठला, त्याने मार्कर घेतला, हा टकल्या काढला आणि शांतपणे जागेवर जाऊन बसला.

शिरीषने फ्लिपचार्टचा फोटो काढला. हे कशासाठी, असं क्लायंटला विचारणं आपल्या संस्कारात बसत नाही. बोटं किती, हे मात्र बसतं. त्याने तशी ईमेल केली. केनचं उत्तर आलं, "एका हाताला चार, मेट." पुण्याने इमानदारीत चार-चार बोटं केली. ग्रॅहमने शिरीषच्या तीनशे पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटचं पहिलं पान वाचून शेवटच्या पानावर सही ठोकली. मी तर पहिलंही वाचलं नव्हतं. पण मी मॅनेजर, मला ते चालतं.

"इंटरेस्टिंग," ग्रॅहम म्हणाला. इंग्लंडमध्ये हा शब्द ऐकला की आपण बॅगा भरायला घ्याव्यात. "हे काढा. मग सही करतो."

"काढायचं तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा रीतसर अर्ज लागेल," शिरीष अदबीने म्हणाला. "आणि तिच्यावर युजर्सच्या वतीने केनची सही."

मी टेबलाखालून शिरीषचा पाय दाबला. तो ग्रॅहमचा निघाला.

"मी सही करणार नाही," टेबलाच्या टोकाला बसलेला केन म्हणाला.

"का?"

"याला चॅड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सगळ्याचीच टंचाई. साखर मिळाली नाही की कुणीतरी भिंतीवर हा काढायचा. 'वॉट, नो शुगर?' माझे वडील सैन्यात असताना बरॅकभर काढायचे. अमेरिकन सैनिक हाच चेहरा काढून खाली लिहायचे, 'किलरॉय इथे होता.' ते हजेरी लावायचे, आम्ही तक्रार करायचो."

नंतर म्हणे हा प्राणी पबच्या टॉयलेटपासून टी-शर्टांपर्यंत सगळीकडे पोचला. आमचा डेटाबेस तेवढा राहिला होता.

"छान इतिहास आहे, केन, पण..."

"जुन्या सिस्टिममध्ये माल संपला म्हणून शून्य टाकलं की काय यायचं, ग्रॅहम? लाल चौकट. 'एरर. इनव्हॅलिड क्वांटिटी.' गोदामातल्या पोरांना वाटायचं, आपणच काहीतरी मोडलं. मग ती शून्याऐवजी एक टाकायची. चौकट गायब."

ग्रॅहमचा चेहरा हळूहळू गुलाबी झाला.

"म्हणजे आपण गिऱ्हाइकांना जो माल कबूल करायचो, आणि जो गोदामात कधी सापडायचाच नाही..."

"तो हाच."

"आणि या दोन आठवड्यांच्या टेस्टिंगमध्ये?"

"सगळे बिनदिक्कत शून्य टाकतायत. दोघंतिघं तर नुसता चॅड बघायला टाकतात. त्यांना झापलंय मी."

ग्रॅहमने पडद्याकडे पाहिलं. मग पेन काढलं.

"नाक जरा लहान करता येईल?"

"चेंज रिक्वेस्ट," शिरीष म्हणाला.

नाक होतं तेवढंच राहिलं. सही झाली, आम्ही मेडनहेडला राहिलो, मुलीची परीक्षाही तिथेच झाली. तीनशे पानांतलं पान एकतीस सोडून बाकीचं एकही आजवर कुणी उघडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हापासून वर्कशॉप सुरू झालं की मी गोदामवाल्याच्या हातात मार्कर देते आणि गप्प बसते. सॉफ्टवेअरमधल्या माझ्या वीस वर्षांचं सार एवढंच आहे.

शिरीषला त्या वर्षी प्रमोशन मिळालं. मला कंपनीने 'लिसनिंग स्किल्स'च्या ट्रेनिंगला पाठवलं.