तेलाजवळची सीट
मला विमानात धड जागा मिळाली ती पाटन गावच्या एका मावशींमुळे. इथे टोरांटोत मटार सोलताना शेंगांचा तो हिरवा वास आला, की त्याच आठवतात. इथे यायचं तिकीट काढलं त्या दिवशी, आमच्या अधारताल भागातल्या तिकिटाच्या दुकानात त्या भाच्यासाठी पिशवीभर मटार घेऊन आल्या होत्या, आणि तो भाचा, म्हणजे दुकानदार, माझ्यावर खेकसत होता. "विंडो की आइल? जल्दी बोलो!" मी आठवीत शाळा सोडलेला, मला 'ऑइल' ऐकू आलं. अपघातापासून माझा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, एवढा लांबचा प्रवास कसा होईल या धास्तीनं आधीच घाम फुटला होता. म्हणालो, "भैया, तेलाच्या टाकीजवळची नको." सगळं दुकान खदखदून हसलं. "टाकीवरच बसवतो तुला," म्हणत त्यानं मुद्दाम शेवटच्या रांगेतली मधली सीट निवडली. बाकावर शेंगा सोलत बसलेल्या मावशी कडाडल्या, "काहून हसून राहिला रे? लेकीकडे विमानानं जाताना मलाही तेलच ऐकू आलं होतं!" मग माझ्याकडे वळल्या. "आइल म्हणजे गल्लीकडची, बेटा. कोणता पाय?" मी उजवा दाखवला. "मग याला डावीकडच्या रांगेतली गल्लीची दे, पाय बाहेर पसरता येईल." भाच्यानं तोंड वाकडं करून ती दिली. ते हसणं मला अजून टोचतं, त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही. पण मावशी, एकदा मटारच्या दिवसांत मी पाटनला येईन, आणि तुमची अख्खी पिशवी बसून सोलून देईन.