आप्पा आणि कोंडलेले मेल

शहाद्याजवळच्या आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरी दारात आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय कुणी माघारी पाठवत नाही. मग तो बियाणेवाला असो, रस्ता चुकलेला ट्रकवाला असो, की मतं मागणारा उमेदवार. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, हाच नेम मोबाइलवरच्या ईमेलला लावला आणि सगळा घोळ झाला.

ईमेल त्यांनी घेतला तोच मुळी एका मित्रासाठी. शहाद्यात कापडाचं दुकान चालवलेला हा मित्र आता सुरतला मुलाकडे असतो. दोघांचेही कान गेलेले, फोनवर नुसती आरडाओरड व्हायची. म्हणून मित्र घरच्या कॉम्प्युटरवर अस्सल अहिराणीत लांबलचक मेल लिहायचा आणि आप्पा ते मोठ्याने वाचायचे. पण काही महिन्यांपासून त्याचं काहीच दिसेना.

"मरी गया व्हई तो," एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "नही ते लिखता."

सुरतला त्याच्या मुलाला फोन लावते, असं मी म्हटलं, तर नको म्हणाले. नसतं काही ऐकावं लागेल याची त्यांना भीती होती.

एका रविवारी मी त्यांचा मोबाइल हातात घेतला आणि बघतच राहिले. ठिबकवाले, कर्जवाले, लॉटरीवाले, गुडघ्याच्या तेलवाले, सगळ्यांची जत्रा भरलेली. आणि प्रत्येकाला आप्पांचं उत्तर: 'आपले पत्र मिळाले. तूर्त गरज नाही. लोभ असावा.' नवऱ्याची संपत्ती वाटायला निघालेल्या परदेशी विधवेला तर त्यांनी चक्क सांत्वनाचं लिहिलं होतं. हा सगळा कचरा स्पॅममध्ये जायला हवा होता, इथे कसा आला, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तठे कोंडेल व्हतात बिचारा," आप्पा म्हणाले. "मीच रोज सोडस त्यासले."

मी कपाळावर हात मारला. फिल्टर बिचारा रोज अडवत होता आणि हे रोज 'स्पॅम नाही' दाबून मोकळं करत होते. मालकच म्हणतोय म्हटल्यावर त्यानेही अडवणं सोडलं होतं. सगळी जत्रा मी परत स्पॅममध्ये ढकलली आणि तिकडे पुन्हा हात लावायचा नाही, असा आप्पांना दम भरला.

पुढच्या रविवारी बघते तर आत जवळजवळ शुकशुकाट. नवे लॉटरीवाले, नवी तेलं, मी कधी न पाहिलेली नावं, सगळी परस्पर बाहेर. इतक्या लवकर फिल्टरला उमगलं तरी कसं? आणि उरलेल्या थोड्याशा मेलमध्ये सुरतेच्या मित्राचे सगळे मेल जसेच्या तसे. ज्या बोलीत आमच्याकडे सरकारी कागद कधी निघाला नाही, त्या बोलीतला एकही मेल त्याने अडवला नव्हता. ढिगाखाली ते आप्पांना दिसले नव्हते, आणि घाईघाईत ढीग उपसताना मलाही. त्याला अहिराणी कळते की आणखी काही, मला ठाऊक नाही. मी थक्क झाले, एवढं खरं. आप्पांनी तर मोबाइलला हात जोडले.

मग त्यांनी शेवटचा मेल मोठ्याने वाचायला घेतला.

"तुन्हं काहीच येत नही. जित्ता शे का नही, ते तरी लिख. दुसराले इचारानी माले हिंमत नही."

चष्मा पुसून आप्पा तिथेच लिहायला बसले, आणि दुपारचं जेवण थंड होऊन गेलं.

संध्याकाळी उत्तर आलं: "जित्ता शे ना? मंग ठीक. आते तुले शिव्या देवाले मी मोकया शे."