पुस्तकातल्या बाईची जाऊ

डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सूनच मला कादंबरी वाचून दाखवते. दुपारी आम्ही ओट्यावर बसतो. झेंडू आमच्याच मळ्यातला. हार मी ओवते, त्याला डोळे लागत नाहीत, बोटांना सवय आहे. मुलगा सातपूरला कामावर जाताना वाटेतल्या दुकानात हार टाकून जातो.

तर या कादंबरीतली बाई फार सोसते. सासू पोटभर जेवू देत नाही, नवरा हात उचलतो. सून वाचता वाचता डोळे पुसते. सुरुवातीला मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुढं तिची थोरली जाऊ आली आणि माझं मन फिरलं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. त्या बाईचंही तसंच झालेलं. पण ही जाऊ काय करते, विहिरीवर दोघीच असल्या की तिला माहेरच्या नावानं हाक मारते. तेवढ्यानं ती बाई ताठ होत जाते. एक दिवस तर नवऱ्याचा उगारलेला हात धरते.

"बघा आई, किती धीराची आहे," सून म्हणाली.

"धीराची कसली? तिला जाऊ तशी मिळाली. माझी जाऊ मी भाकरी किती जाड थापते ते सासूला जाऊन सांगायची."

सून हसली. मला काही हसू आलं नाही. जाच तिला तेवढाच, मला तेवढाच. ती शूर निघाली, मी मुकाट राहिले. माणूस काय एकट्यानं घडतं होय? आणि माझ्या घरातली पोरगी रडते कुणासाठी, तर कागदावरच्या बाईसाठी. हेवा वाटतो हो, का नाही वाटणार?

"तिला विचारणारं कुणीतरी होतं," मी म्हटलं.

सुनेनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. तिनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं, आणि माझ्या तोंडून आपसूक ओ गेली.

थोड्या वेळानं तिनं पुस्तक उघडलं. "पुढं वाचू?"

"वाच. पण ती जाऊ आली की तेवढं गाळ. मला नाही ऐकवत तिचं."