एका बोटाएवढं तोंड

ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावर होळीची लेंगी, म्हणजे होळीचं गाणं, उचलायची ती धनसिंगनेच, असा बरीच वर्षं रिवाज होता. मग एका होळीला त्याने घसा बसल्याचं सांगितलं. पुढच्या होळीला म्हणाला, आता पोरांना गाऊ द्या. त्यानंतर त्याला कोणी विचारेनासं झालं. खरं कारण वेगळं होतं. त्याचं तोंड उघडत नव्हतं.

विशीपासून त्याच्या गालात खर्रा असे. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. गालाची आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी कडक होत गेली. भाकरी तो वरणात कुस्करून खाई, तीही भिंतीकडे तोंड करून. नव्या नवरीवानी कायले लाजता, असा टोमणा बायको हंसाबाई मारी. त्यापुढे दोघंही बोलत नसत.

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली आणि त्याचं पोट दुखू लागलं. ओव्याच्या पाण्यावर त्याने वेळ काढली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचला तेव्हा आतड्याला भोक पडून पोटात घाण पसरली होती, रक्तदाब उतरला होता. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. तरुण डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं, तर दाढ दुखते म्हणून धनसिंगने मान वळवली. घाईत ते खपून गेलं.

खोटं बोलायला कारण होतं. त्याच्या चुलतभावाला, बादलला, असंच इथून नागपूरला पाठवलं होतं. तो नागपूरला पोचलाच नाही. आपलं तोंड पाहिलं की आपल्यालाही गाडीत घालतील, अशी धनसिंगची खात्री होती.

भुलीच्या डॉक्टर प्रेरणा आल्या. त्या इथल्याच बाभुळगावच्या, इकडचीच बोली बोलणाऱ्या, त्यामुळे त्यांच्यासमोर भाषेचा आडपडदा चालत नसे. आपली तीन बोटं उभी जोडून तोंडात घालून दाखवा, म्हणाल्या. धनसिंगने पुन्हा दाढ पुढे केली. कंबरेतली सुई देऊन टाका, असंही सुचवलं. तांड्यातल्या बायकांची सिझर तशीच झाली होती. रक्तदाब एवढा खाली असताना कंबरेतल्या सुईने तो आणखी कोसळेल, डॉक्टर म्हणाल्या. मग स्टूल ओढून त्या जवळ बसल्या.

"काका, नीट ऐका. भुलीचं औषध दिलं की तुमचा श्वास बंद होते. मीच बंद करते. मंग श्वासनळीत नळी घालून मी तुमच्यासाठी श्वास घेते. नळी गेली नाही, त माझ्या हाती काही मिनिटं राहतात. म्हणून आत्ता विचारून राह्यली."

धनसिंगने हंसाबाईकडे पाहिलं. 

"अवो, दाखवा न," हंसाबाई म्हणाली. "मले लपवलं ते लपवलं. यायले काहून लपवता?"

त्याने तर्जनी तोंडाकडे नेली. ती दातांमध्ये आडवी कशीबशी शिरली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. ते त्याला जास्त भीतिदायक वाटलं. नागपूरला पाठवणार का, त्याने विचारलं. एवढा वेळ तुमच्याकडे नाही, त्या म्हणाल्या; नळी नाकातून घालू, पण तुम्हाला जागं ठेवून. नळी आत जाईपर्यंत तुमचा श्वास तुमच्याकडेच राहील, मी तो काढून घेणार नाही.

थिएटरमध्ये त्यांनी त्याच्या गळ्यावर पेनाने एक रेघ ओढली. कशाला, ते त्याने विचारलं आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. नाकातून नळी जमली नाही तर तिथे कापून थेट श्वासनळीत नळी बसवणार होते. सर्जन हातमोजे घालून उभेच होते.

घसा बधिर करणारं औषध वाफेतून दिलं. थोड्या वेळाने त्याला आपला घसा जाणवेनासा झाला. गिळावं तर गिळल्याचं कळेना. आपण बुडतोय, असं वाटून त्याने हात झटकले. डॉक्टरांनी छातीवर तळवा ठेवला आणि फक्त श्वास घ्या म्हणाल्या. नाकातून बारीक कॅमेऱ्याची दोरी आत सरकू लागली. ठसका आला, डोळे भरले, त्याने श्वास ओढला आणि त्या ओढीबरोबरच दोरीवरची नळी आत गेली. यंत्रावर त्याचा उच्छ्वास उमटल्यावर मगच डॉक्टरांनी झोपेचं औषध सोडलं.

जाग आली ती अतिदक्षता विभागात. नाकात नळी, हात पट्टीने बांधलेले. ओरडावं तर आवाज नव्हता, कारण हवा आता गळ्यातल्या आवाजाच्या पडद्यांना न शिवताच ये-जा करत होती. मशीन छाती फुगवी, तो विरोध करी, घंटा वाजे. काका, मशीनशी कुस्ती खेळू नका, हारसान, असं सिस्टर म्हणाली आणि त्याने अंग सोडलं.

नळी काढायचीही डॉक्टरांनी घाई केली नाही. एकदा काढली आणि घसा सुजलेला निघाला तर परत घालणं मुश्कील. आधी मशीनचा आधार कमी करत नेला. मग नळीभोवतीचा, हवा अडवणारा फुगा रिकामा करून बाजूने हवा जाते का, ते कान लावून ऐकलं; जात होती. गळा कापायचं सामान उघडून जवळ ठेवलं आणि नळी ओढली.

"नाव सांगा."

"धनसिंग." आवाज फाटका होता, पण त्याचाच होता.

हंसाबाईला आत सोडलं. त्याने तिला जवळ बोलावलं.

"मले झोप येऊन राह्यली," तो म्हणाला, तक्रार केल्यासारखा.

"मंग झोपा न."

"झोपलो अन् श्वास राहून गेला त?"

 हंसाबाईने सिस्टरला विचारलं. तसं झालं तर घंटा वाजेल, सिस्टर म्हणाली. धनसिंगला ते पटलं नाही. तो मुद्दाम एकेक श्वास ओढत, सोडत राहिला; पापण्या मिटल्या की उघडत राहिला. मग कधी तरी त्या उघडल्या नाहीत. त्याची छाती वर-खाली होत होती. हंसाबाई ते बघत उभी होती, कारण तिथे नातेवाइकांसाठी खुर्ची नसते.